अम्मीला देऊ केलेली गोळी

पन्नाशी उलटली आणि माझी झोप उडाली. रात्री दोनला जाग यायची, ती फजरपर्यंत डोळा लागायचा नाही. एका मित्राने मॅग्नेशियमची गोळी सुचवली. रोज झोपण्यापूर्वी एक घेऊ लागलो. त्याच आठवड्यात संध्याकाळचा चहा सोडला, मोबाइलही दुसऱ्या खोलीत ठेवू लागलो. झोप सुधारली. श्रेय मात्र सगळं गोळीला दिलं.

एका रात्री अम्मी म्हणाली, "मलाही दे रे एक. तुझे अब्बा गेल्यापासून डोळ्याला डोळा लागत नाही." मी डबी तिच्यापुढे धरली. बायकोने हात अडवला, "आधी डॉक्टरांना विचारा."

डॉक्टरांनी अम्मीचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट पाहिला आणि मान हलवली. वीस वर्षांच्या मधुमेहाने तिच्या किडन्या अशक्त झाल्या आहेत. जादा मॅग्नेशियम लघवीवाटे बाहेर टाकण्याचं काम किडनीचं. ते नीट झालं नाही तर मॅग्नेशियम रक्तात साठतं, रक्तदाब उतरतो, हृदयाचे ठोके मंदावतात. मलाही ते म्हणाले, "या गोळीने झोप येते याचा पुरावा अजून तोकडा आहे. दिवसाला लागतं 300 ते 400 मिलिग्रॅम. ज्वारी, बाजरी, डाळी, शेंगदाणे, पालक खा."

मी ज्या सहजतेने डबी पुढे केली होती, ती आठवून आजही घाम फुटतो.

आता इशानंतर मी अम्मीपाशी बसतो. ती अब्बांच्या गोष्टी सांगते. सांगता सांगता कधी तिचा डोळा लागतो, कधी नाही.