गवंड्याला शिकवणार कोण?

भडगावच्या जुन्या वस्तीत धाब्याचे घर अजून एखादे दिसते. जाड भिंती, लाकडी कड्यांवर मातीचा थर. खानदेशातल्या वैशाखात त्याच्यासारखा विसावा नाही. शेजारची स्लॅबची घरे मात्र रात्रीची जेवणे आटोपली तरी निवत नाहीत. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध गवंड्यांना, सारे त्यांना आबा म्हणतात, आम्ही याविषयी विचारले. ते म्हणाले, "लोक स्लॅब मागतात, आम्ही बांधतो. दुसरे काही आम्हांला शिकवले कोणी?"

जुने ते सारे सोने, असे आम्ही म्हणणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे ८ हजार माणसे दगावली, ती बहुतांशी अशाच जड माळवदांखाली व दगडमातीच्या भिंतींखाली. भिंतीचा आतला व बाहेरचा थर जोडणारे आरपार दगड त्यांत बहुधा नसत. थर सुटले आणि घरे बसली. पुढे पुनर्वसनात तेथल्या गवंड्यांना जुन्या भिंती बळकट करण्याचे शिक्षण देण्यात आले. उभ्या भिंतीतला दगड अलगद काढायचा, आरपार भोक पाडायचे आणि सळई व काँक्रीट भरून दोन्ही थर जखडायचे. हे फळ्यावर शिकता येत नाही. भिंतीपाशीच उभे राहावे लागते.

लॉरी बेकर हे जन्माने इंग्रज, पंथाने क्वेकर. तिरुअनंतपुरमजवळचे येशूसंघीयांचे लोयोला प्रार्थनामंदिर त्यांनीच बांधले. कारागिरांमध्ये उभे राहून शिकवणे ही त्यांची रीत. विटा आडव्या न घालता कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी राखणारी भिंत त्यांनी रूढ केली. तिला विटा सुमारे चतुर्थांशाने कमी लागतात आणि पोकळीमुळे उष्मा आत यायला वेळ लागतो. आमच्या उन्हाला याहून योग्य काय? शिवाय जळगाव जिल्ह्यातच भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र आहे. अशा केंद्रांच्या राखेच्या विटा होतात. त्यांना भट्टी लागत नाही आणि शेताची सुपीक मातीही वाचते. पण नेहमीच्या विटेसारखी ती भिजवून चिंब केली तर काम बिघडते. एवढी साधी गोष्टही कोणी सांगितल्याशिवाय कशी कळावी?

अडचण बुद्धीची नाही, रोजाची आहे. दोन दिवस शिकायला बसावे तर घरची चूल कोण पेटवणार? बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्रीय कायदा झाला, बांधकामखर्चावर एक टक्का उपकर आहे, कल्याण मंडळही आहे. परंतु नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला तो मिळवणे जिकिरीचे होते.

मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू येशूला सुतार म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्द 'टेक्टोन'. त्यात घर बांधणारा कारागीरही येतो. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफ यांना वाहिला. आपण तो भक्तिभावाने पाळतो. आणि धर्मग्रामाचे सभागृह किंवा कुंपण बांधायचे ठरले की सर्वांत कमी दराची निविदा शोधतो! त्याऐवजी अंदाजपत्रकातच गवंड्यांच्या शिकवणीचे दोन दिवस, रोजासकट, धरता येतील. पोकळ भिंतीत चार विटांमागे एक वाचते. तिच्या पैशांतून तो रोज बराचसा निघावा.