हातपाय गार पडणे

मराठीचा प्राध्यापक म्हणजे वाक्प्रचारांचा किरकोळ दुकानदार. छाती धडधडणे, घाम फुटणे, तोंडाला कोरड पडणे, अंगावर काटा येणे, हातपाय गार पडणे – हा माल मी सांगोल्याच्या मुलांना पंधरा-वीस वर्षे पुरवीत आलो आहे. साऱ्यांचा अर्थ ‘खूप भीती वाटणे’ असा लिहून मुले मोकळी होतात आणि गुण देऊन मीही मोकळा होतो. आमच्या गल्लीतले डॉक्टर एकदा माझ्याकडच्या उत्तरपत्रिका चाळता चाळता म्हणाले, “सर, याला तुम्ही मराठी म्हणता? हा आमच्या शरीरशास्त्राचा अख्खा धडा आहे!”

तो धडा मी मग त्यांच्याकडून हप्त्याहप्त्याने शिकलो. फी फक्त चहाची.

आपल्या देहात एक कारभार असा चालतो की, त्यात आपले मत कोणी विचारीत नाही. हात उचलायचा तर आपला हुकूम लागतो. पण काळजाने किती ठोके द्यावेत, आतड्यांनी केव्हा हलावे, हे परस्पर ठरते. ते ठरवणारी ती स्वायत्त चेतासंस्था. १८९८ साली लँग्ली या इंग्रज शास्त्रज्ञाने तिचे हे बारसे केले. नाव जरा फसवेच म्हणायचे. आमची नगरपालिकाही स्वायत्त आहे, पण मंत्रालयाचा कागद आला की तिची धावपळ पाहावी! या संस्थेचे मंत्रालय मेंदूच्या तळाशी आहे. हायपोथॅलॅमस त्याचे नाव, आकार बदामाएवढा. भूक, तहान, ताप, भीती, सगळ्यांच्या फायली तिथे जातात. त्याच्या खाली लंबमज्जेत ठोक्यांची आणि रक्तदाबाची रोजची कारकुनी चालते.

हुकूम पोचवणारी खाती दोन. पहिले अनुकंपी. मेरुरज्जूच्या छाती-कमरेच्या भागातून त्याचे तंतू निघतात आणि कण्याच्या दोन्ही बाजूंना त्याच्या गाठींची माळ असते. नावात अनुकंपा असली तरी स्वभाव फौजदाराचा. संकट दिसले की हे ठोके वाढवते, केसांच्या मुळाशी असलेले चिमुकले स्नायू ताणून काटा उभा करते, घाम फोडते, आणि कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळून तिथले रक्त आत वळवते. हातपाय गार पडतात ते यामुळे. दुसरे खाते परानुकंपी. ते मेंदूच्या बुंध्यातून आणि कण्याच्या शेपटाकडून निघते. त्याची मुख्य नस व्हेगस; लॅटिनमध्ये याचा अर्थ ‘भटकी’. ही बाई गळ्यातून निघून काळीज, फुप्फुसे, जठर अशी घरे घेत आतड्यांपर्यंत जाते. काळजाला मोकळे सोडले तर ते मिनिटाला १०० च्या आसपास ठोके देईल. निवांत बसल्यावर आपले ७० पडतात, कारण हिने लगाम खेचून धरलेला असतो.

आता हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला पुस्तकी वाटेल. आमच्या माणदेशात मात्र हा धडा विंचू शिकवतो. मुलूख कोरडा, दगडधोंड्यांचा. बांधाच्या दगडांत, सरपणात, दिवाळीच्या साफसफाईत हलवलेल्या पोत्याखाली लाल विंचू दबा धरून असतो. त्याचे विष नसांच्या टोकांवरची सोडियमची दारे उघडी ठेवते. ती वेळेवर मिटत नाहीत. मंत्रालयातून हुकूम नाही, तरी दोन्ही खाती बेभान सुटतात. आधी उलट्या, लाळ, घामाच्या धारा. मग हातपाय थंडगार, रक्तदाब चढलेला, आणि आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलून दमलेले हृदय. शेवटी फुप्फुसांत पाणी. भीतीचे सारे वाक्प्रचार भीतीवाचून खरे होतात. एकनाथांच्या भारुडातला विंचू काम-क्रोधाचा. पण तो चावल्यावर नाथांनीही अंगाला घाम आणला आहे. शिकवताना मी त्या घामावरून सहज पुढे जात असे. आता थांबतो.

महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर याच घामापाशी थांबले. विंचवाने दगावलेली मुले पाहून त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी केल्या, आणि रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी इथे कामाची आहे असे दाखवले. १९८६ साली त्यांचा व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. गंभीर रुग्णांत शंभरामागे तीसच्या घरात असलेले मृत्यू पुढे चारच्या आत आले. २०११ साली महाडच्याच ७० रुग्णांवरून त्यांनी दाखवले की, गोळीच्या जोडीला प्रतिविष दिले तर रुग्ण आणखी लवकर सावरतो. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

यातली एक गोष्ट घराघरांत माहीत हवी. नुसता ठणका जबर असेल आणि बाकी काही नसेल, तर बहुधा जिवाला धोका नसतो. ठणका बेताचा, पण घाम आणि गारठा असेल, तर घड्याळ पाहायचे नाही. विंचू उतरवणाऱ्याची कीर्ती पहिल्या प्रकारावर वाढते. तो ठणका दिवसभरात आपोआपच उतरत असतो.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वस्तीवरच्या आठ वर्षांच्या मुलाला डाळिंबाचे क्रेट उचलताना विंचू चावला. पोर फारसे रडेना, म्हणून घरचे निर्धास्त झाले. आजीने मात्र पायाला हात लावला आणि ओरडली, “आरं, पोराचं हातपाय गार पडल्यात की!” माझ्या वर्गात या वाक्प्रचाराचा इतका नेमका उपयोग कोणी केलेला नाही. मोटारसायकलवर मध्ये धरून मुलाला आणले. डॉक्टर रात्रभर तासातासाला रक्तदाब मोजत होते.

“आजी, मी पण विंचूच उतरवतोय,” ते म्हणाले, “मंत्र तेवढा येत नाही.”

पहाटे पाय ऊबदार झाले. पोराने चहा-बटर मागितले. आजी गोळीचे नाव तोंडात घोळवून पाहत होती. ते काही जमेना. मग तिने माझ्याकडून ते कागदावर लिहून घेतले, खाली डॉक्टरांचा नंबर लिहवला, आणि घडी करून कागद कमरेच्या पिशवीत, तंबाखूशेजारी ठेवला.