पाहुण्याची खुर्ची

2 जून 2025, सोमवार. पुणे

भागीदारीच्या करारावर आज सह्या झाल्या. नोकरी सांभाळून रात्री-बेरात्री चालवलेला मुलाखतींचा पॉडकास्ट आजपासून आम्हा दोघींचा पूर्णवेळचा धंदा. विषय बदलणार नाही. महाराष्ट्रातल्या लहान-मध्यम कारखानदारांशी त्यांच्याच कामाबद्दल, घाई न करता, खोलात जाऊन बोलायचं.

दुपारी फळ्यावर उत्पन्नाच्या वाटा मांडल्या. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातला 55 टक्के वाटा यूट्यूब चॅनेलला देतं. ज्यांना लाखोंनी प्रेक्षक आहेत त्यांचं त्यावर भागतं. आमचे श्रोते काही हजार, त्यात एडिटरचा पगारसुद्धा निघणार नाही. पण हे काही हजार कोण, ते बघायला हवं. कुणाची फौंड्री आहे, कुणी सीएनसी मशिन घ्यायच्या विचारात आहे, कुणाला खेळतं भांडवल हवंय. याच माणसांना गाठण्यासाठी यंत्र विकणाऱ्या कंपन्या औद्योगिक प्रदर्शनांत स्टॉल मांडून दिवस दिवस उभ्या असतात. भागीदार म्हणाली, "श्रोते किती असं कुणी विचारलं की आपण श्रोते कोण ते सांगायचं." आमचं सगळं गणित त्यावर उभं राहणार आहे.

10 जून, मंगळवार. कोल्हापूर

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत रेकॉर्डिंग. मालकांच्या केबिनमध्ये एसी बंद केला, वॉटर कूलरची पिन काढली, तरी हेडफोनमध्ये घरघर येतच राहिली. भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर होता, आणि तो बंद करायचा म्हणजे मोल्डिंग थांबवायचं. शेवटी स्टोअरमध्ये, पॅटर्नच्या रॅकांच्या मधे खुर्च्या टाकल्या. लाकडी पॅटर्न आणि रिकाम्या पोत्यांच्या थप्प्यांमुळे आवाज घुमेनासा झाला. दोघांच्या कॉलरला माइक, शिवाय मधल्या स्टुलावर एक जादा रेकॉर्डर. सुरुवातीआधी अर्धा मिनिट सगळे गप्प बसलो आणि खोलीचा नुसता आवाज टिपून घेतला. एडिट करताना सांधे बुजवायला तोच लागतो.

पहिला अर्धा तास मालक सत्काराला उत्तर दिल्यासारखे बोलत होते. वडिलांचे कष्ट, कामगार म्हणजे घरचीच माणसं, वगैरे. मग मी विचारलं, "साहेब, शंभर कास्टिंग ओतली की त्यातली किती परत भट्टीत जातात?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. "ताई, हा आकडा कोण बाहेर सांगत नाही. पण विचारलायसा तर सांगतो."

आणि सांगितला. पावसाळ्यात वाळूत ओल कशी वाढते, ओल जास्त झाली की कास्टिंगमध्ये वायूची भोकं कशी पडतात, एका गिऱ्हाइकानं अख्खा लॉट परत पाठवला तेव्हा घरातलं सोनं कसं गहाण पडलं, हे सगळं त्यामागोमाग ओघानं आलं. लोक आमच्याकडे येतात ते या अशा बोलण्यासाठी.

13 जून, शुक्रवार. पुणे

रेकॉर्डिंग सव्वा तासावर आणलं. भाग मालकांना ऐकवला. गिऱ्हाइकाचं नाव काढा म्हणाले, ते काढलं. रिजेक्शनचा आकडा त्यांनी तसाच राहू दिला. बोलणं कुठे-कुठे वापरणार, याच्या संमतिपत्रावर रेकॉर्डिंगआधीच सही घेतो. पुढे पुस्तक काढायचं झालं, कोर्स करायचा झाला, तर त्या कागदावाचून पाऊल पुढे टाकता येत नाही.

आज पूर्ण मुलाखत लिहून काढायला दिली. ऐकायच्या मुलाखतीत हवी ती गोष्ट पटकन सापडत नाही, लिहिलेल्यात सापडते. 'वाळूतली ओल' शोधणाऱ्याला नेमकं मिनिट मिळालं पाहिजे. अमेरिकेत अँड्र्यू वॉर्नर यांनी 'मिक्सर्जी'त उद्योजकांच्या मुलाखती घेतल्या आणि जुन्या मुलाखतींचा संग्रह पैसे भरणाऱ्या सभासदांसाठी ठेवला. आम्हीही नवा भाग सर्वांना खुला ठेवणार आणि विषयवार लावलेला लिखित संग्रह वर्गणीदारांना देणार. दोन वर्षांपूर्वीची मुलाखत आज ज्याची भट्टी अडली आहे त्याला ताजीच असते.

21 जून, शनिवार. पुणे

दोन्ही पालख्या शहरात मुक्कामी, रस्ते बंद, रेकॉर्डिंग नाही. दिवसभर इतरांचे धंदे कसे चालले ते वाचलं.

अ‍ॅलेक्स ब्लूमबर्ग यांची 'गिमलेट' 2014 मध्ये उभी राहिली. 2019 मध्ये स्पॉटिफायनं ती सुमारे 23 कोटी डॉलरला विकत घेतल्याच्या बातम्या आल्या. 2023 मध्ये ती दुसऱ्या विभागात विलीन झाली आणि लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्याच्या उलट 'अक्वायर्ड'. बेन गिल्बर्ट आणि डेव्हिड रोझेंथल यांनी 2015 मध्ये सुरू केलेला हा पॉडकास्ट वर्षाला मोजकेच भाग काढतो, एकेक भाग कित्येक तासांचा, आणि प्रायोजक मोजून निवडलेले. आपल्याकडे अमित वर्मा यांचा 'द सीन अँड द अनसीन' 2017 पासून चालू आहे. त्यांची लांबलचक संभाषणं फुकट ऐकता येतात, फी आहे ती त्यांच्या लेखनवर्गाला.

2024 मध्ये गूगलनं आपलं पॉडकास्ट अ‍ॅप बंद केलं. तेव्हाच ठरवलं होतं की श्रोत्यांचे ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप नंबर, त्यांच्या परवानगीनं, आपल्या वहीत हवेत. अ‍ॅप दुसऱ्याचं असतं, ते कधी बंद होईल हे आपल्या हातात नाही.

रात्री किर्लोस्करवाडीचा विचार करत होते. 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं तेव्हा ते नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं पत्रक होतं. त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं, 1930 मध्ये 'स्त्री' निघालं, 1934 मध्ये 'मनोहर'. कारखान्याच्या पत्रकानं वाचक धरून ठेवला आणि त्या वाचकावर तीन मासिकं उभी राहिली. आमच्या धंद्याचं मूळ मला तिथे दिसतं.

30 जून, सोमवार. पुणे

हिशेबाचा दिवस. फौंड्रीला लागणारं बाइंडर विकणाऱ्या कंपनीशी चार भागांचा करार झाला. भागाला 40,000 रुपये, एकूण 1,60,000, वर 18 टक्के जीएसटी 28,800. सेवा देणाऱ्याला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, पण कंपन्यांना इनपुट क्रेडिट हवं असतं म्हणून आम्ही ती आधीच घेतली. बिल जूनचं म्हणजे जीएसटी 20 जुलैच्या आत भरायचा, कंपनीचे पैसे आलेले असोत वा नसोत.

त्यांच्या अकाउंट्सवाल्यांनी नव्वद दिवसांची उधारी सांगितली. आमची उद्यम नोंदणी आहे. 2006 च्या कायद्यानं आमच्यासारख्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. ती मुदत उलटली, तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत प्राप्तिकरात तो खर्च दाखवता येत नाही. हे फोनवर शांतपणे सांगितलं. निम्मी रक्कम आगाऊ मिळाली आणि जीएसटीची सोय झाली. नफा कागदावर दिसतो, पण महिना निभावतो तो खात्यात आलेल्या पैशावर.

8 जुलै, मंगळवार. पुणे

एका सल्लागार संस्थेच्या संचालकांचा फोन. त्यांना मुलाखतीला यायचं आहे, त्यासाठी दोन लाख द्यायची तयारी आहे, मात्र ही जाहिरात आहे असं कुठे म्हणायचं नाही. आम्ही दोघी तासभर बोललो. भागीदार म्हणाली, "भाडं आणि पगार मिळून दोन महिने निघतील." ते खरंच होतं.

जाहिरात मानक परिषदेनं 2021 मध्येच नियम घातला आहे की पैसे घेऊन केलेल्या मजकुरावर तसं स्पष्ट लिहायला हवं. पण आमच्यापुढचा प्रश्न त्याहून मोठा होता. शिरोलीच्या मालकांनी रिजेक्शनचा आकडा सांगितला, कारण त्यांच्याआधी त्या खुर्चीत बसलेल्या कुणी ती विकत घेतली नव्हती आणि हे त्यांना ठाऊक होतं. एकदा खुर्ची विकली की पुढचा पाहुणा सत्काराचं भाषण करून निघून जाईल. मग श्रोता कशासाठी थांबेल, आणि श्रोता नसेल तर बाइंडरवाले कशाचे पैसे देतील?

नकार कळवला. जाहिरात घ्यायची असेल तर स्वागत आहे, 'प्रायोजित' असं सांगून मी स्वतः वाचीन, असंही कळवलं.

19 जुलै, शनिवार. कोल्हापूर

पहिला प्रत्यक्ष कार्यक्रम. तिकीट 500 रुपये, हॉल छोटा, शेवटी मागच्या बाजूला लोक उभे. शिरोलीचे मालक मंचावर, शेजारी वाळूची तपासणी करणारे एक तंत्रज्ञ. प्रश्नोत्तरं ठरल्या वेळेपेक्षा पुष्कळ लांबली. हातकणंगल्याहून आलेल्या एका तरुणानं खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत वाळू काढली आणि मंचासमोर येऊन तंत्रज्ञांच्या हातात दिली. त्यांनी चिमूट मुठीत दाबली, मूठ उघडली, गोळा बोटानं मोडून बघितला आणि म्हणाले, "पाणी जास्त झालंय." सगळा हॉल पुढे सरकला.

बाहेरच्या टेबलावर दोन कारखान्यांनी आपल्या सुपरवायझरांसाठी संग्रहाची वार्षिक वर्गणी भरली. बाइंडरवाल्यांनी पुढच्या चार भागांचं बोलणं तिथेच केलं.

31 जुलै, गुरुवार. पुणे

महिना जुळला. निम्म्याहून जास्त पैसे प्रायोजकांचे, त्याखालोखाल वर्गणी, मग कार्यक्रम, आणि सर्वांत कमी यूट्यूब. दोघींचे पगार धरूनही थोडी शिल्लक राहिली.

आज दरपत्रक छापलं. भागाच्या सुरुवातीची जाहिरात, मधली जाहिरात, कार्यक्रमाचं प्रायोजकत्व, संग्रहाची वर्गणी, सगळ्यांसमोर दर आहेत. तळाशी एक ओळ ठळक टाकली: पाहुण्याची खुर्ची विकत मिळत नाही. मुलाखतींचा पॉडकास्ट सुरू करू पाहणाऱ्यांना माझं सांगणं हेच, की कॅमेरा घेण्याआधी आपलं दरपत्रक लिहा आणि त्यात काय विकणार नाही हे सगळ्यांत आधी लिहा.