बरोबरीचा निकाल

खेळांत आम्हांस गति नाहीं, हें आमच्या परिचितांस निराळें सांगावयास नको. लहानपणीं लगोरीच्या डावांतहि आमचें काम बहुधा दूर गेलेला चेंडू आणून देण्याचें असे. तथापि दर चार वर्षांनीं फुटबॉलची विश्वचषकस्पर्धा आली म्हणजे आमच्या घरांतील निजावयाची वेळ बदलते आणि चिरंजीवांच्या खुर्चीशेजारीं आमचीहि खुर्ची मांडली जाते. ता. १८ डिसेंबर २०२२ च्या रात्रीं अर्जेंटिना आणि फ्रान्स यांचा अंतिम सामना जादा वेळ देऊनहि ३-३ असा बरोबरींत राहिला, व पेनल्टींवर ४-२ नें सरस ठरून अर्जेंटिनानें चषक नेला. फ्रान्सच्या एम्बापेनें त्या सामन्यांत तीन गोल केले होते, आणि मागाहून स्वतःच्या वांट्याची पेनल्टीहि त्यानें चुकविली नव्हती. त्याचा उतरलेला चेहरा पडद्यावर दिसला तेव्हां चिरंजीवांनीं विचारलें, "बाबा, ह्याचें कुठें चुकलें?" आम्ही गप्प राहिलों. प्रश्न ओळखीचा होता. पूर्वीं एकदां तो प्रत्यक्ष आम्हांसच विचारण्यांत आला होता, आणि तेव्हां दुर्दैवानें आम्ही गप्प राहिलों नाहीं.

या स्पर्धेचे दोन भाग असतात व दोहोंचा स्वभाव अगदीं भिन्न. पहिला भाग गटांचा. १९९८ पासून २०२२ पर्यंत ३२ संघांचे आठ गट करीत. गटांतील प्रत्येकानें प्रत्येकाशीं खेळावयाचें आणि पहिल्या दोघांनीं पुढें जावयाचें. २०२६ च्या स्पर्धेसाठीं संघ ४८, गट बारा आणि पुढें जाणारे ३२ असे ठरले. हा भाग चूक पोटांत घालणारा आहे. २०१० सालीं स्पेन पहिलाच सामना स्वित्झर्लंडशीं हरला. २०२२ मध्यें अर्जेंटिनास सौदी अरेबियानें २-१ नें नमविलें. तरी दोघेहि शेवटीं जगज्जेते झाले. दुसरा भाग बाद फेरीचा. तेथें हरला त्यानें सामान बांधावें. प्रत्येक सामन्यागणिक एक संघ गळतो, म्हणून सोळांतून एक निवडावयास बरोबर पंधरा सामने पुरतात. (तिसऱ्या क्रमांकासाठीं होणारा सामना हा निव्वळ सौजन्याचा, तो आम्ही हिशेबांत धरीत नाहीं.)

पूर्वीं तर पहिल्या दिवसापासूनच ही गळती सुरू होई. १९३४ सालीं इटलींतील स्पर्धेसाठीं ब्राझील आणि अर्जेंटिना हे आगबोटीनें महासागर ओलांडून आले, एकेक सामना खेळले, हरले आणि परतले. १९३८ सालीं डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया, अर्ध्या पृथ्वीचा प्रवास करून फ्रान्सला गेला तो हंगेरीकडून ६-० असा मार खाण्यासाठींच.

आम्ही पेशानें परीक्षक. तेव्हां एका सायंकाळच्या कसोटीवर गुणवत्ता ठरवूं नये, याकडे आमचा कल असणें स्वाभाविक आहे. १९५४ सालीं हंगेरीनें पश्चिम जर्मनीस गटांत ८-३ असें धुऊन काढलें, व दोनच आठवड्यांनीं बर्न येथें अंतिम सामन्यांत तीच पश्चिम जर्मनी ३-२ नें जिंकली. जर्मनांनीं पहिल्या वेळीं आपले सगळे नांवाजलेले खेळाडू उतरविले नव्हते हें खरें. तरी त्या दोहोंत श्रेष्ठ संघ कोणता, हें कोणीं शपथेवर सांगावें? उलटपक्षीं, गटपद्धतींतहि पाप शिरतें. १९८२ सालीं स्पेनमधील गिहोन येथें पश्चिम जर्मनीनें ऑस्ट्रियाविरुद्ध आरंभींच एक गोल केला. तेवढ्या निकालानें दोघांचेंहि काम होत होतें, म्हणून उरलेला वेळ उभयतांनीं चेंडू इकडून तिकडे करण्यांत घालविला. बिचारा अल्जीरिया! त्यानें जर्मनीस हरविलें होतें, पण त्याचे सामने आदल्या दिवशींच आटोपले होते. तो घरीं गेला. पुढील स्पर्धेपासून गटांतले शेवटचे सामने एकाच वेळीं घेण्याचा पायंडा पडला. बाद फेरींत निदान असा समझोता संभवत नाहीं.

परंतु बाद फेरीची खरी अडचण बरोबरीची. दोघांतून एकालाच पुढें न्यावयाचें, आणि दोघेहि हटत नाहींत! १९३४ मध्यें इटली-स्पेन सामना असा अडला तेव्हां दुसऱ्याच दिवशीं त्यांस पुन्हां खेळविलें. दमलेल्या व जायबंदी खेळाडूंच्या जागीं दुसरे उतरले आणि इटली एका गोलानें जिंकली. त्याहून विलक्षण प्रसंग १९६८ सालच्या युरोपीय स्पर्धेंतला. नेपल्स येथें इटली व सोव्हिएट रशिया यांचा उपांत्य सामना गोलावांचून संपला. तेव्हां पंचांनीं दोन्ही कप्तानांस आंत नेऊन नाणें उडविलें. हजारों लोक बाहेर तिष्ठत होते. फाकेत्ती हा इटलीचा कप्तान हर्षानें बाहेर आला तेव्हां निकाल लोकांस कळला. मौज अशी कीं, अंतिम सामनाहि बरोबरींत सुटला, पण तो मात्र दोन दिवसांनीं पुन्हां खेळविला गेला. नाण्याची लाज वाटली म्हणूनच कीं काय, १९७० सालीं पेनल्टींची पद्धत नियमांत आली.

तींत दैवाचा भाग कमी झाला, पण मनुष्यास एक नवें दुःख मिळालें. नाणें चुकलें तर कोणी नाण्यास दोष देत नाहीं. १९९४ च्या अंतिम सामन्यांत इटलीच्या बाज्जोची पेनल्टी गोलावरून गेली आणि ब्राझील विजयी झाला. नायजेरिया, स्पेन, बल्गेरिया यांना बाद करतांना याच बाज्जोनें पांच गोल केले होते. त्या दिवशीं त्याच्या आधीं बारेसी व मासारो यांच्याहि पेनल्टी वायां गेल्या होत्या. पण जगानें लक्षांत ठेवला तो बाज्जो.

याबाबतींत एक गोष्ट आम्हांस फार उशिरां कळली. फुटबॉलच्या नियमांत या पेनल्टी सामन्याचा भाग नव्हेत. त्या सामना संपल्यावर घेतल्या जातात. नोंद राहते ती बरोबरीचीच. श्रेष्ठ कोण, हें पेनल्टी ठरवीत नाहींत. पुढें कोणी जावें किंवा चषक कोणी उचलावा एवढेंच ठरवितात. हें वाचलें तेव्हां आम्हांस आमची नोंदवही आठवली.

वीस-एक वर्षांपूर्वींची गोष्ट. आम्ही ज्या महाविद्यालयांत शिकवितों तेथें वक्तृत्वस्पर्धा होती, व तींतून एकाच विद्यार्थ्यास परगांवच्या स्पर्धेस पाठवावयाचें होतें. परीक्षक तिघे, त्यांत एक आम्ही. बेरीज केली तों एका मुलाचे व एका मुलीचे गुण अगदीं सारखे. पुन्हां केली, तेंच. दोघांस पुन्हां बोलावयास लावावें असें एकानें सुचविलें, पण दुसऱ्यास गाडी गांठावयाची होती. शेवटीं दोन चिठ्ठ्या केल्या आणि एक आम्हीं उचलली. मुलाचें नांव निघालें. येथवर कांहीं वावगें घडलें असें आम्हांस आजहि वाटत नाहीं. परंतु व्यासपीठावरून आम्हीं वाचलें, व नोंदवहींत आमच्याच अक्षरांत लिहिलें, तें 'प्रथम' आणि 'द्वितीय'. चिठ्ठीचा उच्चार केला नाहीं. तो केल्यास परीक्षकांची अब्रू जाईल, असें कांहींसें मनांत असावें.

दुसऱ्या दिवशीं ती मुलगी प्राध्यापकांच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभी राहिली. रागावलेली नव्हती, हातांत वही होती. "सर, माझें कुठें चुकलें तें सांगाल का? सुधारीन म्हणतें." आम्हीं क्षणभर थांबून सांगितलें कीं, शेवट थोडा घाईचा झाला. तिनें तें वहींत लिहून घेतलें. वास्तविक शेवट उत्तम झाला होता. आमच्या गुणपत्रकांत तिला सर्वांत अधिक गुण त्यासाठींच होते. पुढच्या वर्षीं तिनें नांव दिलें नाहीं.

त्या डिसेंबरच्या रात्रीं चिरंजीवांस आम्हीं नियम समजावून दिला. "म्हणजे फ्रान्स हरला नाहीं?" "सामना हरला नाहीं, चषक गेला." त्यांचें समाधान झालेलें दिसलें नाहीं. नाताळची सुटी संपल्यावर आम्हीं महाविद्यालयाच्या कपाटांतून ती नोंदवही काढविली, त्या दोन नांवांपुढें समासांत 'गुण समान. निवड चिठ्ठीनें' असें लिहिलें, आणि खालीं सही करून त्या दिवसाची तारीख घातली. मुलीचा पत्ता आम्ही अद्याप शोधीत आहों.