घरातल्या वहाणा

वहाणा उंबरठ्याबाहेर काढावयाच्या, हा आमच्या घरातील नियम आजीच्या सासूपासूनचा. इंदुरात पिढ्या गेल्या, बोलण्यात हिंदी मिसळली, पण हा नियम तसूभरही ढळला नाही. म्हणूनच आमवाताने आईचे पाय धरले तेव्हा खरी अडचण आली ती स्वयंपाकघरात.

सकाळी फरशीवर पाऊल टेकले की ती विचारी, "खडे सांडलेत का रे इथे?" आम्ही केरसुणी घेऊन पाहत असू, खडा कुठला सापडायला! पुढे डॉक्टरांनी उलगडा केला. या विकारात चवड्याचे सांधे सुजून सैल पडतात, बोटे आखडून वर चढतात आणि चवड्याखालची मऊ गादी पुढे सरकते. मग बोटांच्या मुळाशी असलेली हाडांची टोकेच जमिनीला भिडतात. आईचे खडे तिच्या पायांतच होते.

औषधे चालू होतीच. पायांसाठी मात्र आम्ही प्रथम केले ते सारे चुकीचे. मऊ ती चांगली, अशा समजुतीने एक नंबर मोठी चप्पल आणली. ती लांबीला वाढली, रुंदीला नाही. पाऊल आत घसरू लागले आणि ती सावरण्यासाठी आई बोटे अधिकच आवळू लागली. अखेर अशी पादत्राणे बनविणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्यांनी आईला कागदावर उभे करून पावलांभोवती रेघ ओढली. भार पडला की पाऊल पसरते, बसून घेतलेले माप फसते. वापरले ते बारीक छिद्रांचे हलके रबर. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांच्या वहाणांसाठी उपयोगात आणले, तेच. आत एक लहानशी उशी बसविली, दुखऱ्या टोकांच्या किंचित मागे, म्हणजे भार मागच्या भागावर वाटला जातो. तळ पुढे नावेसारखा उचललेला, बोटे वाकवावी लागू नयेत म्हणून. टाचेमागचा पट्टा दाबून चिकटणारा, कारण बक्कल लावणे आईच्या हातांना जमेना.

पहिले काही दिवस तास-अर्धा तासच घालावयाच्या होत्या. उशी टोचते म्हणून दोनदा फेरी झाली. जवभर मागे सरकविल्यावर तक्रार थांबली.

आणि मग ती म्हणाली, "या घालून मी देवघरासमोरून जाऊ?"

आम्ही पुष्कळ समजावले. चामडे नाही, रस्त्याला लागलेल्या नाहीत, धुता येतात. ती ऐकून घेई आणि अनवाणीच ओट्याशी उभी राही. महिनाभर वहाणा दाराशी कोऱ्या पडून होत्या. एके सकाळी अप्पांनी त्या उचलल्या, स्वतः धुतल्या आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्याच्या आत आणून ठेवल्या. आयुष्यभर आमच्या वहाणा बाहेर भिरकावणारे अप्पा! एक शब्द बोलले नाहीत. आईनेही काही न बोलता पाय घातले.

आमवात गेलेला नाही, बोटेही वाकडीच आहेत. पण सकाळच्या पोळ्या पुन्हा तिच्याकडे आल्या आहेत. देवघराशी मात्र ती अजूनही वहाणा काढते, भिंतीला धरून चार पावले अनवाणी जाते. त्या चार पावलांबद्दल आम्ही काही बोलत नाही.