चार पार्ट्या आणि एक परमिट रूम

गेला आठवडा म्हणजे नुसता धुमाकूळ! सोमवारी लोअर परळला लाँच, मंगळवारी फेअरवेल, बुधवारी वांद्र्यात बर्थडे, गुरुवारी कॉलेजच्या ग्रुपचं गेट-टुगेदर. त्यातल्या दोन ठिकाणी माझा एक जुना मित्र भेटला. ‘काय म्हणतोस?’ ‘एकदम मस्त!’ म्युझिकवर ओरडून झालेलं बोलणं एवढंच.

शुक्रवारी तो म्हणाला, ‘आज जवळपासच बसू.’ मग गोरेगावात माझ्याच गल्लीच्या तोंडाशी असलेल्या परमिट रूममध्ये शिरलो. महाराष्ट्रात 1949च्या कायद्याने दारू प्यायला परवाना लागतो, म्हणून हे नाव. तीन वर्षं रोज रिक्षाने तिच्यासमोरून जातेय, आत मात्र कधी डोकावले नव्हते.

‘फॅमिली सेक्शन वर आहे,’ वेटर मला बघून म्हणाला. म्हटलं, खालीच बसतो. दोन-चार माना वळल्या, मग आपापल्या ग्लासाकडे परतल्या. ट्यूबलाइट, सनमायकाचं टेबल, न मागता आलेली चण्यांची बशी. डीजे नाही की काही नाही. दोघं काय बोलतायत ते दोघांना चक्क ऐकू येतं!

अर्धी बिअर संपल्यावर तो हळूच म्हणाला, ‘दीड महिना झाला, जॉब गेलाय. घरी सांगितलं नाहीये. रोज डबा घेऊन निघतो.’

आणि या आठवड्यात दोन्ही पार्ट्यांची काँट्री त्याने हसत हसत भरली होती.

बिल आल्यावर त्याने सवयीने पाकीट काढलं. मी ते परत खिशात ठेवायला लावलं. उद्याची पार्टी कॅन्सल केलीय. त्याच्या आईला सांगायला दोघं जातोय.