वर जाणारी वीज

आमचे दादा सालगडी होते. १९९६ सालची वळवाची रात्र. मळ्याची राखण करून ते पहाटे घरी आले आणि म्हणाले, "डोंगरापलीकडं ढग गडगडत होता. इकडं आभाळ मोकळं होतं. त्या ढगाच्या माथ्यावरून निळी ज्योत वर गेली."

मी नुकताच बी.कॉम.ला गेलेलो. हसून म्हणालो, "दादा, वीज खाली पडते, वर जात नाही. तुमचा डोळा लागला असेल." शेजारची म्हातारी म्हणाली, "इंद्राचं वज्र असेल." दादांनी तेही मानले नाही. "पाहिलं तेवढं सांगितलं," एवढेच बोलले.

पुढे कित्येक वर्षांनी मी याविषयी वाचले. वादळी ढगांवर असा प्रकाश दिसतो, हे वैमानिक पूर्वीपासून सांगत होते. पण त्यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवत नसे. जुलै १९८९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे प्रा. जॉन विंकलर आणि सहकारी मंद प्रकाश टिपणारा कॅमेरा तपासत होते. त्यात दूरच्या ढगावरचे प्रकाशाचे दोन खांब अचानक चित्रित झाले आणि शास्त्रज्ञांना मानावेच लागले.

यात प्रकार आहेत. 'स्प्राइट' तांबडे असतात. ढगातून जमिनीवर जबर वीज पडली की वरच्या विरळ हवेत क्षणभर विद्युत ताण वाढतो आणि तिथला नायट्रोजन ५० ते ९० किलोमीटर उंचीवर उजळतो. सेकंदाच्या काही हजाराव्या भागात सारे संपते. 'निळा झोत' मात्र ढगाच्या माथ्यातूनच निघून ४०-५० किलोमीटर उंचीपर्यंत जातो.

दादांनी तेच पाहिले, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण मी हसलो तेव्हा त्या चित्रीकरणाला सात वर्षे झाली होती. अज्ञान माझे होते, आणि मी ते त्यांच्या माथी मारले.

ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, तपासून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. मी न तपासताच नाकारले; का, तर सांगणारा अंगठेबहाद्दर सालगडी होता. चावडीवर आपल्या माणसांची साक्ष पिढ्यान्‌पिढ्या अशीच उडवली गेली. शिकून मीही तेच केले, आणि तेही बापाशी.

दादा आता नाहीत. माफी मागायची राहून गेली. म्हणून बंधू-भगिनींनो, घरातले अडाणी माणूस काही पाहिल्याचे सांगू लागले, तर हसू नका. आधी पूर्ण ऐका, मग तपासा.

जय भीम!